शेअर की फंड, मला विचारू नका

अहो,
तुमचे आबा म्हणतात, मोबाईल कंपनीचा शेअर घ्या, रिचार्ज कुणाला चुकलाय? तुम्ही म्हणता, गेमिंगचा फंड घेऊ; त्यात पुष्कळ कंपन्या, एक बुडाली तरी बाकीच्या तारतील. पण सगळ्या गेमच्याच, एकदमच बुडाल्या तर? आणि आबांची तर एकच! मला काही कळंना.

बंगल्याच्या किल्ल्या कुणाकडं राहायच्या, यावरनं तुमचा नि आबांचा अबोला झाला, तेव्हापासून दोघंही मलाच समजावताय, नि मी दोघांनाही 'व्हय' म्हणून बसलेय.

आईकडं बेडशाला चाललेय. तिच्या घरात रेंज येत नाही, फोन करू नका. शेअर की फंड, ते तुम्ही दोघं समोरासमोर बसून ठरवा.

या गोंधळात आमटीत मीठ घातलं का, तेही आठवेना. चाखून एकमेकांना सांगा.

तेजल