‘सर्वानुमते’च्या खाली एक अंगठा

तर बाबा, त्या सह्या खोट्या नव्हत्या, पण ती सभाही कधी झाली नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे समजायले मले अख्खा थिसिस लागला. आमच्या बी.ए.च्या चौथ्या वर्षी पॉलिटिकल सायन्सले थिसिस करावा लागते. वर्गातल्या सगळ्यांनी इलेक्शन, सोशल मीडिया असं काही काही घेतलं. मी उमरेडकडची तुमची विणकर सोसायटी घेतली, तुम्ही तिचे शेवटपर्यंत सेक्रेटरी होते ती. साध्या लोकांच्या सोसायटीत लोकशाही किती असते, असा विषय. तुम्ही गेले तेव्हा मी सातवीत होती. तुमच्या कामाचं मले एवढंच माहीत होतं की सभेचं ते लाल रजिस्टर आपल्या हुडकेश्वरच्या घरी दिवाणाखालच्या पेटीत आहे. ते काढलं तेव्हा आई कणीक मळून राहिली होती. म्हणे, "काहून वं, गेलेल्या माणसाचं काहून उकरून राहिली? दुसरा विषय नाही भेटला का तुले?" मी म्हटलं, आई, यापेक्षा भारी विषय कोणाकडेच नाही. आणि मले खरंच तसं वाटत होतं.

मी इंग्लिश मिडियमची, तुमचं अक्षर लागायलेच पहिला आठवडा गेला. ठराव, सूचक, अनुमोदक, आणि दर वेळी शेवटी "सर्वानुमते मंजूर". खाली सह्या आणि अंगठे. प्रत्येक सभेले सगळेच्या सगळे हजर! मी तर उड्याच मारल्या. लॅपटॉपवर ग्राफ बनवला, निळे खांब, सगळे एकाच उंचीचे. माझ्या गाईड मॅडमनी तो पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, आपल्या डिपार्टमेंटच्या मीटिंगला निम्मे लोक येतात, तेही चहा असला तर. यांच्याकडे कधी कोणी आजारी पडलं नाही? कोणाच्या घरी लग्न निघालं नाही? जा, त्यातल्या एखाद्या माणसाला भेटून ये."

मग मी उमरेडच्या बसमध्ये बसली. तुमच्या रजिस्टरात जिचा अंगठा प्रत्येक पानावर आहे, ती आजी अजून आहे. जिथं पाय सोडून ती विणायची, त्या मागाच्या खड्ड्यावर फळी टाकून तिनं आता तिथं गॅस मांडला आहे. कोणाची पोरगी ते सांगितल्यावर तिनं मले खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बापासारखीच सुकडी आहेस. चहा घे." मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि छापून नेलेल्या प्रश्नांतला पहिला विचारला, सभा कुठे भरत होती? ती इतकी हसली की तिले पदर तोंडाले लावावा लागला.

"सभा? कोणती वं सभा? तुया बाप येत होता रजिस्टर घेऊन. एकेका घरी. मी मागावर, तो इथं खाली बसलेला. म्हणे, काकू, हात थांबवू नका, फक्त ऐका. मंग वाचून दाखवे."

"पण सगळ्यांनी एकत्र काहून नाही बसायचं?"

"अर्धा दिवस जाते, लुगडं काय तू विणतेस? आन् सभेत बाया बोलतात काय? समोर जेठ बसते, सासरा बसते. घरी मी तुया बापाले तासभर पकवलं आहे."

मी भराभर लिहून घेऊन राहिली होती. मले लहानपणीची ती दुपार आठवली. शाळेच्या डायरीत मी तुमची सही ठोकून दिली होती आणि तुम्ही ती पाहिली. तुम्ही ओरडत नाही. डायरी बंद करता, माझ्या हातात देता आणि म्हणता, "सही पाहिजे तं माणसाजवळ जाऊन घ्यावं लागते." मी तेव्हा रडली होती. आता वाटलं, हा माणूस खरंच प्रत्येकाजवळ जात होता. मले तुमचा इतका अभिमान वाटला, बाबा, की मनातल्या मनात मी चॅप्टरचं नावही ठरवून टाकलं.

तेवढ्यात आजी म्हणाली, "शेवटच्या खेपेले मात्र म्या नाही म्हटलं होतं."

"कशाले नाही?"

"सोसायटी बंद करायले. म्हटलं, बाकीचे हो म्हणतात तं म्हणोत, मी नाही म्हणते, तसं लिही. तो म्हणे, लिहितो काकू. मंग म्या अंगठा देला." चहाची कपबशी तिनं माझ्याकडे सरकवली. "लिहिलं ना त्यानं?"

त्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. मले तो उघडायचीही गरज नव्हती. "संस्था बंद करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर," आणि खाली, डावीकडे, तिचा अंगठा.

मी म्हटलं, "हो आजी, लिहिलं आहे."

ती खूश झाली. म्हणे, "तुयं पुस्तक झालं की मले वाचून दाखव. तुया बाप दाखवे तसं."

परत आल्यावर मी मॅडमले सगळं सांगून म्हटलं, एवढ्या मोठ्या रजिस्टरात एकाच पानावरचा एकच तर अंगठा आहे, तो सोडून दिला तर चालणार नाही का? त्या म्हणाल्या, "तुझा विषय काय आहे?" म्हटलं, सोसायटीतली लोकशाही. मग म्हणाल्या, "ते लिही. आणि सेक्रेटरी तुझे वडील होते, हे पहिल्याच पानावर लिही." त्या एका वाक्याले मले चार दिवस लागले. निळे खांब मी काढून टाकले. तुम्ही घरोघरी जात होते, बाया तुमच्याशी मोकळं बोलत होत्या, हे सगळं लिहिलं, आणि एका बाईचं "नाही" तुम्ही कागदावर येऊ दिलं नाही, हेही लिहिलं. तुम्ही असं काहून केलं, ते मात्र लिहिता आलं नाही. वरून कोणाचा दबाव होता का, एका नकारानं सगळं अडलं असतं का, की तुम्ही थकले होते? वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या सरांनी हेच विचारलं. मी म्हटलं, "सर, विचारायले ते नाहीत." त्यांनी पान उलटलं.

थिसिस जमा झाला. सीताबर्डीवरून काळं बाइंडिंग करून आणलं, वर सोनेरी अक्षरं. एक कॉपी घरी आहे, आईनं ती टीव्हीजवळ ठेवली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याले दाखवते. आजीच्या नातवाचे दोन फोन येऊन गेले, पुस्तक कधी आणता म्हणून. मी दोन्ही वेळा सांगितलं, परीक्षा आहे. परीक्षा कधीच संपली, बाबा. त्या पुस्तकात खरं आहे ते इंग्लिशमध्ये आहे, आणि तिले मी मराठीत खोटं सांगून आली आहे. वाचता वाचता ते पान गाळलं तर तिले कधीच कळणार नाही. आणि वाचलं, तर त्या घरात तुमचं नाव आतापर्यंत जसं घेतात तसं नंतर घेतील असं वाटत नाही. तुम्ही तिच्यासमोर बसून तासभर ऐकलेलं आहे, तुम्हाले ती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते पान तिले वाचून दाखवू का?