काकूंच्या बेसमेंटातलं पिस्तूल

१९ जून, रवि.
पिस्तुलाच्या लायसन्सचं कार्ड आलं. फोटोत चोर दिसतोय. पण नववीतनं शाळा सोडलेल्या माणसानं इंग्रजीतनं परीक्षा दिली नि पास झाला, हे गावाकडे जयसिंगपुरात सांगितलं तर कुणी मानणार नाही. म्हणून सांगत नाही. आईला तर नाहीच.
अख्ख्या कॅनडात पिस्तुलांची खरेदी-विक्री बंद होणार म्हणून इथे कॅल्गरीत सगळे घाईत. आत्ता घेतलं तर घेतलं. नंतर विकत घेता येणार नाही, विकताही येणार नाही.
वॉल्टर म्हणाला रविवारी ये. वॉल्टर म्हणजे आमच्या टायर शॉपमधलं जुनं गिऱ्हाईक, रेल्वेतनं रिटायर. त्याच्याकडे एक आहे, पोरांना नकोय.

२६ जून
बघितलं. वॉल्टरच्या गॅरेजमध्ये, फ्लॅनेलच्या फडक्यात. शंभर वर्षांपूर्वीच्या घाटाचं. काळपट निळं पोलाद, मुठीला अक्रोडाचं लाकूड. हातात घ्यायच्या आधी त्यानं गोळ्यांचं मॅगझिन काढलं, वरची सरकती स्लाइड मागे ओढली, आत बोट घालून रिकामं आहे ते दाखवलं. मग मलाही तसंच करायला लावलं. तीनदा.
लेथवर पाच वर्षं काढली, पण असं बसवलेलं काम बघितलं नाही. स्लाइड ओढली की लोण्यातनं सुरी गेल्यासारखी जाते. पण एक गोळी सुटल्यावर दुसरी आपोआप वर येते कशी? त्यानं सांगितलं, कळलं नाही. रात्रभर तेच डोक्यात.
अट एकच. गंजू द्यायचं नाही.

३ जुलै
कागदावर ते कुठे राहणार तो पत्ता द्यावा लागतो. पत्ता घरमालकीण देसाई काकूंचा. वर काकू एकट्या, त्यांचे यजमान डॉक्टरकाका जाऊन चार वर्षं झाली. खाली बेसमेंटात मी. बर्फ मी शोव्हल करतो, त्या डबा देतात. न विचारता कसं लिहू?
विचारलं. त्या भाजी निवडत होत्या.
"कशाला हवंय रे तुला ते?"
म्हटलं, आत काय चालतं ते बघायचंय.
"घड्याळ घे मग. उघडून बस."
मग म्हणाल्या, दोन वर्षांत तीन गावं नि चार नोकऱ्या केल्यास. तूच टिकत नाहीस, ते कुठे ठेवणार? पत्ता लिही म्हणाल्या. पण दसऱ्यापर्यंत बघणार. मला घरात झोप लागली नाही तर एक तर ते जाईल, नाही तर तू.
गेलं तर परत मिळायचं नाही. मी गेलो तर असं घरही...

१४ ऑगस्ट
कागद अजून अडकलेत. वॉल्टर रोज फोन करून विचारतो, मी रोज काहीच नाही म्हणतो. ओव्हरटाइम खूप. शॉपमधला गुरप्रीत मला शेरीफ म्हणतो. पाना मागितला की म्हणतो, "शेरीफ साहब, गोली मत चलाना."

१० सप्टें.
आलं.
लोखंडी कपाट घर तापवणाऱ्या फर्नेसच्या खोलीत. ट्रिगरला कुलूप, पेटीला कुलूप, कपाटाला कुलूप. गोळ्या वेगळ्या पेटीत. किल्ल्या माझ्या गळ्यात. काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जिना उतरल्या नाहीत.

११ सप्टें.
पिस्तूल उघडलं. नळीच्या तोंडाची कडी फिरवायची नि आतल्या स्प्रिंगचं टोपण अंगठ्यानं दाबून धरायचं, एवढंच. अंगठा सटकला. टोपण सुटलं ते थेट वर, हीटरच्या पत्र्यावर. ठण्ण.
वरनं आवाज, "काय झालं?"
"स्प्रिंग, काकू."
"कशाची?"
टोपण शोधायला वाकलो. वर चालण्याचा आवाज थांबला.
टोपण बुटात सापडलं. पण एक कळलं! नळी एका छोट्या दुव्यावर झुलते. मागे जाताना खाली बसते, पुढे येताना वर उचलली जाते. एवढासा दुवा. कुणाला सुचलं असेल?

१८ सप्टें.
वॉल्टरनं दिलेलं तेल संपलं. गावाकडे शिलाई मशीन, कुलूप, विळा, सगळ्याला खोबरेलच. काकूंकडनं वाटीभर आणलं. केसांना म्हणून. सगळीकडे नीट चोपडलं. चमकतंय कसलं! अख्ख्या बेसमेंटात देवळासारखा वास.

२४ सप्टें., शनि.
वॉल्टरनं नेमबाजीच्या रेंजवर नेलं, तिथे लाज गेली.
सकाळी गवतावर दहिवर, श्वासाची वाफ. पहिली गोळी ठीक. मग स्लाइड पुढे यायच्या ऐवजी मध्येच थबकली. अंगठ्यानं ढकलली तेव्हा सावकाश, आजारी माणसासारखी पुढे आली. परत तेच. बाजूच्या लेनवाले बघायला लागले.
वॉल्टरनं माझ्या हातातनं घेतलं, तोंड समोर ठेवून रिकामं केलं. बोट फिरवलं. बोटावर पांढरं, तुपासारखं. त्यानं वास घेतला नि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, याला केक भरवतोस काय?
खोबरेल थिजलं होतं! थंडीत खोबरेल थिजतं हे माझ्या आईला, आजीला, गल्लीतल्या सगळ्यांना माहीत. बाटली उन्हात ठेवायचं काम माझंच असायचं. पिस्तुलाशी त्याचा संबंध लावायला डोकं नको?
वॉल्टर हसला. मग गाडीनं घरी सोडलं. मी उतरताना म्हणाला: माहीत नसेल तर विचार. हे बिघडलं तर दुसरं नाही.

२५ सप्टें.
तेल पुसायला जुनं धोतर मागायला वर गेलो. कशाला, विचारलं. सांगून टाकलं, खोबरेलासकट. काकू पायरीवर बसल्या नि पदर तोंडाला लावून हसल्या. मी इथे राहायला आल्यापासून त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.
मग आपणहून खाली आल्या. मी सगळे भाग टेबलावर मांडलेले. हात लावला नाही, वाकून बघितलं.
"ह्यात गोळी नाही ना?"
"नाही. हे बघा."
"परत दाखव."
दाखवलं. दुवा दाखवला, स्प्रिंग दाखवली. मागे जातानाचाच धक्का स्प्रिंगमध्ये साठतो नि त्याच जोरावर पुढची गोळी आत जाते, हे मी मराठीत पहिल्यांदाच बोललो. बोलताना मलाच नीट कळलं.
काकू म्हणाल्या, "म्हणजे रागातनंच पुढचं काम करून घेतं." मग, "ह्यांना आवडलं असतं. वापरायला नव्हे. बघायला."
झोप लागते का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

४ ऑक्टो., खंडेनवमी
सुट्टी घेतली. काकूंनी हाक मारली, तुझे पाने घेऊन ये. पाटावर काकांचा स्टेथोस्कोप, काकूंचं शिलाई मशीन, शेजारी माझे पाने. हळद, कुंकू, कुंडीतला झेंडू. थंडी पडणार म्हणून कुंडी त्यांनी आत आणलेली.
मी उभाच. त्यांनीच विचारलं, "आणि ते?"
म्हटलं, ओलं कुंकू लागलं तर पोलाद गंजेल.
"कुलपात आहे?"
"आहे."
त्यांनी एक फूल उचललं नि जिना उतरल्या. मी मागे गेलो नाही. फर्नेसच्या खोलीचं दार वाजलं. थोड्या वेळानं वर आल्या, हात धुतले, पानं वाढायला घेतली.
"फूल ठेवलंय कपाटावर," म्हणाल्या. "म्हणजे मी हो म्हटलं असं समजू नकोस. दसरा उद्या आहे."
मी जेवलो. दुसऱ्यांदा भात मागितला, वाढला त्यांनी.
कपाट आज उघडलं नाही.