पोर: कारण काय?

४ मे, सकाळी

कुंभकोणमच्या मराठी बंधुभगिनींनो, आपला विश्वासघात झाला आहे!

(भाषणाची सुरुवात. आरशासमोर दोनदा म्हटली. दुसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं.)

गेल्या महिन्यात विठ्ठल मंदिराच्या हॉलमध्ये मी युद्धाचं समर्थन केलं. साता समुद्रापलीकडच्या बलाढ्य सरकारनं आखातातल्या त्या लहान देशावर हल्ला का केला? अस्त्रं लपवली होती म्हणून. त्यांच्या मंत्र्यानं टीव्हीवर नकाशा दाखवून सांगितलं होतं. मी तोच नकाशा हवेत काढून दाखवला. म्हणालो, आठ दिवसांत निकाल.

अस्त्रं सापडली नाहीत. काल तोच मंत्री म्हणतो, अस्त्रांचा प्रश्न नव्हताच, तिथल्या जनतेला स्वातंत्र्य द्यायचं होतं. मला आधी कळवायला नको?

कॉफीच्या दुकानात त्यागराज भेटला. माझा साडू आणि दुर्दैवानं मराठी संगमचा अध्यक्ष. चारचौघांत विचारतो, "काय हो पांडुरंगराव, सापडली का अस्त्रं? की तुमच्या माळ्यावर आहेत?"

रविवारी भाषण करून त्या सरकारला जाब विचारणार. ठरलं.

त्याच दुपारी

हरिणीचा विचार. माझी लेक, त्या लहान देशाच्या शेजारच्या शहरात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. भोंगे वाजतात, झोप येत नाही, घरी येऊ का, असं तिनं मागच्या महिन्यात विचारलं. मी सांगितलं, थांब, आठ दिवसांत संपतंय. मी कुंभकोणममध्ये जाहीर केलंय, आणि माझीच मुलगी बॅग घेऊन पळत आली तर त्यागराज काय म्हणेल, हा मुद्दा अर्थातच नव्हता. मुद्दा तत्त्वाचा होता.

६ मे

तिसरं कारण! आता म्हणतात, जहाजांचा मार्ग सुरक्षित करायचा होता. रागानं इडली गेली नाही. (चार गेल्या.) पण रागातूनच वाक्य सुचलं: "ज्याच्यापाशी तीन कारणं असतात, त्याच्यापाशी एकही नसतं." हॉल उठून उभा राहील.

वाक्य ऐकवायला हरिणीला फोन केला. उचलला नाही. परवा नेटवर्क नव्हतं, काल चार्जर बिघडला, आज डबल ड्यूटी. कष्टाळू पोर.

बायकोनं, गोमतीनं, वरची खोली धुऊन काढली, नवी चादर घातली. कुणी येणार आहे का, विचारलं. "धूळ फार झाली हो," म्हणाली. पटलं.

७ मे

संगमचा सेक्रेटरी कृष्णकुमार पोस्टर घेऊन आला. तमिळमध्ये. आपल्या तरुणांना मराठी बोलता येतं, देवनागरी वाचता येत नाही, म्हणून. वर मोठ्या अक्षरांत: "पोर: कारणम् एन्न?" म्हणजे, युद्ध: कारण काय? तमिळमध्ये युद्धाला पोर म्हणतात, मराठीत लेकराला. केवढा अर्थ! यावर भाषणात पाच मिनिटं बोलेन. पोस्टर मंदिराच्या विहिरीजवळ लावायला सांगितलं. पाण्यासाठी सगळे तिथेच येतात.

गोमतीनं कोवळी वांगी आणली. हरिणीची आवडती. मी म्हटलं, ती तिकडे अन् वांगी इकडे! गोमती नुसती हसली. बायकांना विनोद उशिरा कळतो.

९ मे

घरातच विश्वासघात. गोमती उद्या पहाटे टॅक्सीनं नाचियार्कोविलला पितळी दिवा आणायला जाणार. नेमकी उद्या! मी म्हटलं, बस आहे ना, मग टॅक्सी कशाला? म्हणे, गुडघे दुखतात. मग पहाटे कशाला निघायचं? म्हणे, ऊन लागतं. मग दिवाच कशाला? म्हणे, तुमच्या भाषणासाठी प्रार्थना करायची आहे. मला गहिवरून आलं. "भाषणाला पोचेन, थोडा उशीर होईल," म्हणाली.

११ मे, सकाळी

काल काय झालं ते क्रमानं लिहितो.

हॉल गच्च. पलीकडच्या गल्लीतले तमिळ शेजारीसुद्धा आले होते. मी गरजलो. पहिल्या रांगेतल्या एकानं तमिळमध्ये विचारलं, "किती फूट खोल?" मी म्हणालो, खरं कारण शेकडो फूट खोल गाडलेलं आहे! कुजबुज झाली. दुसरा म्हणाला, "मग पाणी कधी?" मी म्हणालो, पाणी नव्हे, रक्त! तिसरं कारण फोडलं, ते वाक्य टाकलं. मागून घोषणा सुरू झाल्या, "पोर! पोर!" मी मूठ उंचावली.

त्यागराजनं माइक घेतला. "पांडुरंगराव, आपल्या गल्लीत बोअरलाही पोरच म्हणतात. विहिरीजवळची बोअर आटलीय. तिचं कारण ऐकायला आलेत हे." पाच मिनिटांत खुर्च्या रिकाम्या. मी म्हटलं, पण मग घोषणा? त्यागराजची बायको वाणी पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाऊजी, बोअर झालं तरी लोक पोरच म्हणतात."

शेवटच्या रांगेत दोघी उरल्या होत्या. गोमती, आणि बॅगेवर डोकं टेकून हरिणी. दोघी सरळ तिरुच्ची विमानतळावरून आल्या होत्या. दिवा नव्हता.

आणि मला म्हणे नेटवर्क! चार्जर! डबल ड्यूटी!

गोमती म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर तुम्ही तिला भाषण देऊन थांबवलं असतं."

त्याच दुपारी

हरिणी वाळली आहे. भांडं पडलं की दचकते. जेवताना विचारलं, "अप्पा, मला येऊ नको का सांगितलंत?"

मी म्हणालो, नोकरीचा करार. शिवाय विमानप्रवास धोक्याचा. शिवाय संकटात पाठ दाखवणं आपल्या घराण्याला शोभत नाही.

ती वांग्याची फोड बाजूला सारून म्हणाली, "तीन झाली, अप्पा. तुमचं वाक्य मी दारातून ऐकलंय."

ताट तसंच ठेवून वर गेली. कडी लावली.

चौथं कारण आहे. ते मी या वहीतही लिहिणार नाही.

जिन्यात बसलो आहे. दोन कॉफ्या आणल्या होत्या, एक निवली. आत ती जागी आहे, पंख्याचं बटण वाजलं. बंधुभगिनी कुणी नाहीत.

हरिणी, दार उघड.