अभिनंदनाचा बॅनर

झरी, ता. जि. परभणी
९ एप्रिल २०२५

प्रिय राजेश्री,

सप्रेम जय भीम. तुझ्या आईचे गुडघे आता बरे असतील. राणीसावरगावलाही असंच ऊन तापत असणार. तुझ्या दारातल्या मोगऱ्याला मी पाणी घालते, काळजी करू नकोस.

आपली डाळमिल जोरात चालू आहे, असं लिहिणार होते. बंद आहे. भरलेल्या पाकिटांची थप्पी हॉलमध्ये तशीच पडून आहे. परभणीच्या त्या दुकानदाराने ऑर्डर रद्द केली.

आपल्या बचत गटाची तू सचिव, मी अध्यक्ष. बैठकीत तू एवढंच विचारलंस, "ताई, ऑर्डर लेखी आली का?" आणि मी सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "तुला माझं चांगलं बघवंना." तू माहेरी निघून गेलीस. मी गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त मलाच लिहिता येईल असं करून टाकलं आणि रोज टाकत राहिले, गाडी येणार आहे, धीर धरा. माझ्या शब्दावर बायकांनी दारात आलेला व्यापारी परत पाठवला. आता डाळीत किडे झालेत.

कारण ऐकून हसशील. हस. फोनवर होकार येताच गावाने माझा सत्कार केला, शाल दिली, चौकात माझ्या फोटोचा एवढा मोठा बॅनर लावला. त्याखालून जाता-येता 'ऑर्डर गेली' हे शब्द तोंडातून निघेनात.

काल बैठक घेऊन सांगितलं. वाटलं, शिव्या पडतील. सुलाबाई म्हणाल्या, "तू मोठी झालीस म्हून आमाला बी लय बरं वाटलं व्हतं, बाई. आधी सांगितलं असतंस तर त्या व्यापाऱ्याला तरी दिली असती." मला मान वर करता येईना. लाज वाटली, अजून वाटते आहे.

पाकिटं फोडून डाळ उन्हात घालायचं ठरलं. अंथरायला काही पुरेना, तेव्हा मीच चौकातला बॅनर काढून आणला. फोटो खाली करून टाकत होते, तर सुलाबाई म्हणाल्या, "गुळगुळीत बाजू वर ठेव, डाळ लवकर निघती." म्हणून आज दिवसभर स्वतःच्याच तोंडावरची डाळ हलवत बसले.

ग्रुप सगळ्यांना खुला केला आहे. परत ये म्हणायला मला तोंड नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. लेखी काही आलं नव्हतं. आणि तू विचारलंस त्याच्या आदल्या दिवशीच दुकानदाराचा नकार आला होता. मला माहीत होतं, राजेश्री.

तुला सगळ्यांसमोर खोटं पाडणारी,
सुकेशनी