आमोदने पाठवलेल्या दहा कॅप्सूल

॥ श्री ॥
कोथरूड, पुणे
४ ऑगस्ट २००९

चि. शालन हिस वासंतीचे अनेक आशीर्वाद.

बापूरावांचं ऑफिस आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं. पत्रात निदान दोन दिवस लागतात.

स्वाइन फ्लूच्या बातम्या तूही वाचत असशीलच. आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी खोकलं की बाकीचे जिन्याने जातात. माझ्या आमोदने मात्र अमेरिकेहून येणाऱ्या मित्राबरोबर या तापावरच्या टॅमिफ्लूच्या दहा कॅप्सूल वेळेवर पाठवल्या. इथे दुकानात मिळत नाहीत, सरकारी दवाखान्यातच मिळतात. शेजारच्या बाईंनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि चहा न घेताच निघून गेल्या.

रविवारी मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा आई झोपलेली. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस झोपणारच, पण त्याच दिवशी कुणी ओळखीच्या बाई आल्या तर त्यांच्याशी तिने दोन तास गप्पा मारल्या म्हणे. सहा वर्षं ती तुझ्या घरी आहे. माझ्याकडे पाहुणी म्हणून येते आणि पाहुणीसारखीच उठून जाते. तुझ्याकडे काय नाही याची यादी तू मला नेहमी ऐकवतेस. त्या यादीत आई नसते, एवढं लक्षात ठेव.

बापूरावांना व श्रद्धाला आशीर्वाद. माया कमी करू नकोस.

तुझी,
वासंतीताई


कात्रज
६ ऑगस्ट २००९

ती. ताईस शालनचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. डबीचं कौतुक आधी, आईची चौकशी शेवटी, हा क्रमही पोचला.

आमोद गुणाचा आहेच. लहानपणापासून आमच्या घरात कुणी काहीही केलं की आमोदने ते आधी केलेलं असायचं. आता औषधही त्याचंच आधी पोचलं. आम्ही इथे कापराची पुरचुंडी हुंगत बसलो आहोत.

आता कामाचं. हिंजवडीला ऑफिसात श्रद्धाच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला स्वाइन फ्लू निघाला. श्रद्धाला अजून काही नाही, पण ती आजीच्याच खोलीत झोपायची, म्हणून आता तिचा बिछाना बाहेर घातला आहे. आईचं वय, त्यात तिची किडनी आधीच मंद. तुझ्या दहा कॅप्सूल आईला आधीच देऊन ठेवता येतील का? आजार येऊ नये म्हणूनही देतात, असं श्रद्धाने इंटरनेटवर वाचलं. तुझ्याकडे काही मागायची माझी ही पहिलीच वेळ. मागताना काय वाटतं ते लिहीत नाही.

भावोजींना नमस्कार. राग असला तरी लोभही असू दे.

शालन


कोथरूड
८ ऑगस्ट २००९

चि. शालन, अ. आ.

मागितलंस, बरं वाटलं. कॅप्सूल देणार नाही असं मी म्हणणारच नाही. पण औषध इकडे आणि आई तिकडे, असं कसं चालेल? रोज वेळेवर कोण देणार? तुझ्या घरात माणसांचा राबता, श्रद्धा रोज बसने हिंजवडीला जाणार. त्यापेक्षा आईलाच इकडे पाठव. मागची खोली रिकामी आहे, ऊन चांगलं येतं. साथ संपेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत राहू दे.

डबी इथून हलणार नाही. आई आली की तिच्या हातात देईन.

याला अट म्हणायचं असेल तर म्हण. सहा वर्षं मी एकही अट घातली नव्हती. घरचे हे म्हणतात की मी लहान मुलासारखी वागते आहे. त्यांना बहीण नाही, त्यांना काय कळणार!

उत्तर लवकर धाड. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

वासंतीताई


कात्रज
१२ ऑगस्ट २००९

ती. ताईस सा. न.

आईला पाठवली नाही. रविवारी सकाळीच तिला ताप भरला, अंग ठणकायला लागलं, खोकला सुरू झाला. तुला फोन न करता मी आमच्या डॉक्टर नम्रताबाईंना केला. त्यांनी एक क्षणही न घालवता महापालिकेच्या केंद्रावर न्यायला सांगितलं. आम्ही चार तास रांगेत होतो. सगळे तोंडाला रुमाल बांधून, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बापूरावांनी घरून घडीची खुर्ची नेली होती म्हणून आई टिकली.

तिथल्या डॉक्टरांनी घशातला नमुना घेतला, पण रिपोर्टची वाट पाहिली नाही. पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर या औषधाचा खरा उपयोग, असं म्हणाले. मग आईचे जुने रिपोर्ट मागितले. इतरांना दिवसातून दोनदा देतात, आईला एकदाच दिलं. किडनी मंद असली तर औषध अंगात साचतं. मी त्यांना तुझ्या डबीबद्दल विचारलं. दुसऱ्यासाठी आलेलं औषध घरच्या घरी अंदाजाने कुणालाच द्यायचं नाही, आणि या वयात तर नाहीच, असं त्यांनी मला सगळ्या रांगेसमोर सुनावलं. श्रद्धालाही काही दिलं नाही. ती धडधाकट आहे, लक्ष ठेवा, ताप आला तर लगेच या, एवढंच.

पहिली कॅप्सूल आईने उलटून टाकली. दुसऱ्या दिवसापासून आधी मऊ भात भरवते, मग टिकते. काल ताप उतरला तर मला बरं वाटतंय, आता बंद करा, असा तिने हट्ट धरला. पाचही दिवस पूर्ण करायचे आहेत. मी तिच्यावर ओरडले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुझ्या डबीची गरज पडली नाही.

शालन


कोथरूड
१३ ऑगस्ट २००९

चि. शालन, अ. आ.

तुझं शेवटचं वाक्य मी दहादा वाचलं. आईचा ताप उतरला हे वाचून मला आधी आनंद झाला असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. आधी वाटलं, हेही हिनेच केलं. आनंद त्यानंतर झाला.

एक सांगायचं आहे. डबी पूर्ण नव्हतीच. शेजारच्या बाई शिंकल्या त्या दिवसापासून मी रोज एक घेत होते, कुणाला न विचारता. चार घेतल्या. ह्यांना फोडणीच्या ठसक्याने खोकला आला तर एक त्यांना दिली. दोघांनाही मळमळायला लागलं, मग थांबवलं. तुला अट घातली तेव्हा डबीत पाचच होत्या, आणि आईला त्या रोज दोन देणार होते मी, डबीवर लिहिलंय तशा. किडनीचा विचार माझ्या मनातही आला नाही. तू मात्र पत्रात लिहिलं होतंस.

आज आमच्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्याकडे बघत बसले. ते जास्त लागलं. उरलेल्या पाच त्यांच्याकडे देऊन आले.

मला आईला भेटायला येऊ दे. दारातून बघेन. नाही म्हणालीस तरी तुझा हक्क आहे.

वासंती


कात्रज
१६ ऑगस्ट २००९, दुपार

ती. ताईस सा. न.

आईचं औषध गुरुवारी संपलं. ताप नाही, खोकला थोडा. काल तिने स्वतः उठून केस विंचरले.

आता माझं ऐक. आई झोपलेली नसायची. तुझा फोन आला की मी तसं सांगायचे. वर्षभर तरी सांगत असेन. दिवसभर मी तिला न्हाऊ घालायची, भरवायची, तिची बोलणी खायची, आणि तुझा आवाज ऐकला की तिचा चेहरा असा उजळायचा, जसा माझ्यासाठी कधीच उजळला नाही. मी रोजची झाले होते, तू सणाची. मला ते बघवत नव्हतं. तू आमोदची डबी मिरवलीस, मी आईच मिरवली.

आज सकाळपासून मला ताप आहे. नम्रताबाईंकडून चिठ्ठी घेऊन बापूराव मला केंद्रावर नेत आहेत, आजच सुरू होईल. मला रोज दोन. आईला हाच फ्लू होऊन गेला आहे, रिपोर्टही तसाच आला, ती आता कुठेही जाऊ शकते असं डॉक्टर म्हणतात, पण तिचं करायला मी उठू शकत नाही. भावोजींना गाडी घेऊन पाठव. तिची पिशवी श्रद्धाने भरली आहे. भात मऊ लागतो. पाठ चोळताना उजव्या खांद्याला जोर देऊ नकोस.

घेऊन जा, ताई. यावेळी अट नाही.

शालन


कोथरूड
२० ऑगस्ट २००९

चि. शालन हिला पोटभर आशीर्वाद.

तुझा ताप उतरल्याचं बापूरावांनी कळवलं. उद्या सकाळची एकच कॅप्सूल राहिली. बरं वाटतंय म्हणून ती टाळू नकोस. श्रद्धालाही काही त्रास वाटला तर त्याच दिवशी दाखवा.

आई मागच्या खोलीत आहे. ऊन तिला आवडलं नाही, डोळ्यावर येतं म्हणाली, म्हणून पडदा शिवला. पहिल्या दिवशी मला खूप आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तिला न्हाऊ घालताना तिने मला दोनदा शालन म्हणून हाक मारली. मी ओ दिली. भात कडक झाला तर तुझ्यासारखी बोलणी मीही खाल्ली आणि तू ती बोलणी खातेस याचासुद्धा मला हेवा वाटत होता, हे मला तेव्हा कळलं. तू सहा वर्षं काय केलंस ते मी चार दिवसांत थकून शिकले आहे.

सकाळी तिला सांगितलं, दिवाळीपर्यंत राहा. ती म्हणाली, शालनला एकटीला करमत नसेल. मी अर्धा तास मोरीत भांडी आपटली.

तुझ्या डॉक्टर हो म्हणाल्या की सोमवारी मी स्वतः तिला आणून सोडते. गौरी आवाहनाच्या आत ती तुझ्या घरी असेल. महिन्यातले आठ दिवस मात्र ती माझी. आणि तिला सोडून परत फिरताना मी गाडीत बसून रडले तर गॅलरीत उभी राहून बघू नकोस. ह्यांना मी सांगितलंय की गाडी लगेच सुरू करायची.

तुझ्यावर अजून जळणारी,
वासंतीताई