क्लचमधली हवा

सोमवार, ४ मार्च
शाळेजवळच्या चढावर गाडी मागे सरकली. मागे मुलांनी भरलेली व्हॅन. मध्ये वीतभर अंतर उरलं. व्हॅनवाला उतरून आला, म्हणाला, ताई, पाय असतो कुठे तुमचा? माझा पाय जागेवरच होता. कारण उघड आहे, क्लचच्या ऑइलमध्ये हवा शिरली आहे. हात थरथरत होते, ते इंजिनच्या कंपनामुळे. (इंजिन बंद पडलं होतं.)
शुक्रवारी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. हॉस्पिटल त्याच चढाच्या वर. तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि बाबांना आता ताटातलं धड दिसत नाही. टॅक्सी नको म्हणतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलेत, लेक नेणार.

मंगळवार, ५ मार्च
हवा काढायला घेतली. पद्धत सरळ आहे. आईने पेडल दाबून धरायचं, गाडीखाली मी स्क्रू सैल करायचा, नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाटलीत येतात. स्क्रू आवळला की मगच पेडल सोडायचं, नाहीतर बाहेरची हवा आत ओढली जाते.
एकही बुडबुडा आला नाही. म्हणजे हवा फार खोल आहे.

बुधवार, ६ मार्च
पुन्हा तेच. आईने विचारलं, दाबून ठेवू की सोडू? ठेव म्हटलं. पाय भरून आला गं, म्हणाली आणि सोडून मोकळी झाली. स्क्रू उघडा, नळी बाटलीबाहेर. त्यानंतर भरपूर बुडबुडे आले. माझं निदान बरोबर होतं.
बाबा खिडकीतून म्हणाले, इंजिनिअरबाई, गाडीची हवा काढताय की आईची?

गुरुवार, ७ मार्च
सगळे बुडबुडे काढले. पेडल कडक. आत्या गाडी चढावर घेऊन गेली, मध्येच थांबवली, पुन्हा काढली. बोटभरही मागे आली नाही. गाडी ठणठणीत आहे, चल, आता तू बस, म्हणाली. मी म्हटलं, ऑइल आधी रात्रभर स्थिर व्हायला हवं. कुठल्या पुस्तकात लिहिलंय, तिने विचारलं. उद्या सकाळी तिची ड्यूटी आहे, नाहीतर तिलाच विचारलं असतं. भीतीचा प्रश्न नाही.

शुक्रवार, ८ मार्च. हॉस्पिटल
वेळेत पोहोचलो. बाबांना आत नेलं आहे.
सकाळी ते माझ्याआधी गाडीत बसले होते, पट्टा लावून. मी इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. पेडल उत्तम होतं. सोडलं नाही. शेवटी बाबांनी स्वतःच पट्टा काढला. म्हणाले, माझाच धीर होत नाहीये बघ, टॅक्सी बोलाव.
टॅक्सीत मी मागे, त्यांच्या शेजारी. डावा पाय घट्ट दाबलेला, खाली नुसती चटई. चढाच्या मध्यावर टॅक्सी थांबली, पुन्हा निघाली, वर पोहोचली. बाबांनी माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.
म्हणाले, सोड आता. चढ संपला.