न वाचता लिहिले त्याची हकिगत

श्रीमन्निखिलसंगणकसंकटविमोचक, कुंठितमुद्रणयंत्रपुनरुज्जीवक, केबलजालजटाजूटधारी, अर्धोक्तसूचनाप्रदानधुरंधर, श्वशुरगृही प्रथमासनाचे अपहर्ते, आमचे एकमेव (आणि ईश्वरकृपेने एकमेवच) साडूभाऊ यांच्या चरणांपासून सुरक्षित अंतरावरून यंत्रशाळेच्या भांडारगृहाचे अधिपती, म्हणजे मी, यांचा सविनय व किंचित सखेद नमस्कार.

आपली कंबर आता कशी आहे? मेहुणीबाईंचा खोकला थांबला की अजून तो आपल्या बोलण्याच्या मध्येच नेमका येतो? आमच्याकडे सर्व क्षेम. हिला माझ्यावरचा राग सोडल्यास कोणतीही व्याधी नाही आणि तो राग जुनाट असल्याने प्रकृतीस मानवला आहे.

पत्रास कारण असे की, गेल्या रविवारी आपण एक केबल आणि एक सॉफ्टवेअर माझ्या हाती ठेवून, "अहो, काही नाही त्यात, दोन बटणं आहेत, अर्ध्या तासाचं काम," असे जे उद्गार काढलेत, त्यांचा अर्थ मला आता कळला आहे. अर्धा तास हा आपला होता. त्यापुढचे पाच दिवस माझे. प्रसंगाचे गांभीर्य आपणांस ठाऊक आहेच, तरी पुन्हा निवेदन करतो (कारण आपण त्या वेळी जेवत होता). आमच्या यंत्रशाळेत चौदा वॉकीटॉकी आहेत आणि शेजारच्या कारखान्याचे संचही आमच्याच लहरींवर बोलतात. परिणामी आमच्या क्रेनला "सावकाश खाली" असा आदेश जाताच पाठोपाठ "आणि एक बिनसाखरेचा" असा परकीय आदेश येतो. येत्या गुरुवारी एक अजस्र बॉयलर उचलून ट्रकवर ठेवायचा आहे. साहेब स्वतः खाली उभे राहून आज्ञा देणार आहेत. तोवर संच निर्दोष न झाल्यास मला भांडारातून उचलून भंगाराच्या अंगणात ठेवण्याचा त्यांचा संकल्प आहे. "तिथे तुमचं संस्कृत कुणाला बोचणार नाही," असे ते म्हणाले. भंगाराच्या अंगणात छप्पर नाही, साडूभाऊ. पंखा तर नाहीच.

उपाय आपणच सांगितलात: प्रत्येक संचात एक गुप्त स्वर बसवावा, म्हणजे तोच स्वर घेऊन आलेल्या आवाजासाठीच संच कान उघडील, शेजाऱ्यांसाठी बहिरा राहील. (हे तत्त्व मला तत्काळ समजले. विवाहित मनुष्यास ते समजवावे लागत नाही.) सोमवारी मी रंगाचे डबे बाजूस सारून भांडारातील वयोवृद्ध संगणकासमोर आसनस्थ झालो. सॉफ्टवेअर स्थापन झाले. मग संगणकाने केबलला ओळखण्यास नकार दिला. मी ती काढली, फुंकली, पुन्हा लावली, तो ढिम्म. दोन तासांनी मला शोध लागला की केबल तिसऱ्या पोर्टवर उभी होती आणि सॉफ्टवेअर पहिल्या पोर्टवर तिची वाट पाहत होते. दोघांची गाठ घालून दिली तेव्हा एखादे रखडलेले लग्न जमवल्याचे समाधान मला लाभले.

पडद्यावर खरोखरच दोन बटणे होती: 'रीड' आणि 'राइट', अर्थात वाचा आणि लिहा. आता मला सांगा, भाषेचा संस्कार झालेला मनुष्य प्रथम काय करील? लिहिलेच नाही, तर वाचायचे काय? शिवाय आपल्याकडे न वाचता लिहिणाऱ्या मंडळींचे सत्कार झालेले मी स्वतः पाहिले आहेत, दोन सत्कारांत तर हार मीच आणले होते. तेव्हा मी रकान्यात गुप्त स्वर भरला आणि निःशंकपणे 'लिहा' दाबले. एक हिरवी पट्टी ऐटीत सरकत शंभरावर पोहोचली आणि 'यशस्वी' अशी अक्षरे उमटली. साडूभाऊ, शाळा सोडल्यापासून माझ्या कोणत्याही कृत्यापुढे हा शब्द कोणी लिहिला नव्हता. मला त्याची चटक लागली. दुपारपर्यंत मी एकूण तेरा वेळा यशस्वी झालो.

त्यानंतर असे निदर्शनास आले की संच बोलत नाहीत. वाचन हे आधी करावयाचे असते. संचाच्या पोटात असलेला मजकूर आधी संगणकात उतरवून घ्यावा, त्यात दुरुस्ती करावी, मग लिहावे. मी मात्र बाकीचे रकाने कोरे ठेवून लिहिले होते. म्हणजे तेरा संचांच्या पोटात अत्यंत यशस्वीपणे काहीही नाही असे लिहून ठेवले होते. कोणत्या लहरींवर बोलावे हेच ते विसरले होते. (लहरींचा आकडा परवान्याच्या कागदावर आहे. कागद साहेबांच्या कपाटात आहे. कपाटाला साहेबांची पाठ टेकलेली असते.)

उरला चौदावा. तो होता क्रेन चालवणाऱ्याकडे. हा गृहस्थ सकाळी शिडीने केबिनमध्ये चढतो तो जेवणाच्या सुट्टीसच उतरतो, म्हणून सर्व त्यास 'वरचा' म्हणतात. (आमच्याकडे "वरच्याच्या मनात असेल तर होईल" हे वाक्य अध्यात्मात गणले जात नाही.) मला तेथील लोक पाठीमागे, आणि वरचा समोरासमोर, शास्त्रीबुवा म्हणतो. मी शिडीच्या पायथ्याशी उभा राहून संच मागितला.

"शास्त्रीबुवा, तेरा मारलेत तुम्ही," तो वरूनच ओरडला. "हा मिळायचा नाही."

"अरे, केवळ वाचन करावयाचे आहे!"

"मग तिथूनच वाचा."

"ते केबलने वाचावे लागते!"

"माझ्या केबिनला खाली दिसत नाही काही. लोखंड लटकलं की खाली कोण उभंय ते मला ह्याच्यातनंच कळतं. हा गेला तर मी आंधळा. कळतंय का?"

कळले. एवढे सरळ वाक्य मला पूर्ण सेवाकाळात रचता आलेले नाही. अखेर तह झाला: तो स्वतः संच घेऊन खाली येईल, केबल मी लावीन, आणि वाचन पूर्ण होईपर्यंत त्याचा डावा पंजा माझ्या उजव्या हातावर राहील. त्या अवस्थेत, पाणिग्रहण झालेल्या वराप्रमाणे, मी 'वाचा' दाबले. मजकूर आला! तो जपून ठेवला, गुप्त स्वर घातला, आणि तेराही संचांत लिहिला. मग वरच्याने आपलाही संच पुढे केला, मात्र पंजा काढला नाही.

तात्पर्य, विजय झाला. शेजाऱ्यांचा बिनसाखरेचा कायमचा अस्तंगत झाला. साहेबांच्या संचावर तर मी त्यांचे पद झळकवण्याची विशेष व्यवस्था स्वहस्ते केली. (पडदा आठच अक्षरे घेतो, त्यामुळे ते पदाच्या मध्यावरच थांबले आहेत, पण त्यांना ती कलात्मकता वाटली.) साहेब इतके प्रसन्न आहेत की काल म्हणाले, "ह्या संचात काय जादू केलीत? दोन दिवस झाले, एक माणूस मला उलट बोललेला नाही." भंगाराचा विषय त्यांनी काढलेला नाही. आपण दिलेल्या विद्येचे हे फळ आहे. कळावे, लोभ आहे तो केबल परत मिळेपर्यंत तरी असू द्यावा.

आपला साडू,
भांडाराधिपती (गुरुवारपर्यंत निश्चित)

ता. क. : साहेबांना कोणी उलट बोलत नाही याचे कारण त्यांना कोणाचेच ऐकू येत नाही. त्यांचा संच स्वतंत्रपणे भरताना मी ऐकण्याच्या रकान्यात एक ओळ खालचा स्वर निवडला. बोलणे सर्वांना जाते, ऐकणे शून्य. ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नाही, कारण साहेबांच्या बाबतीत पूर्वीही असेच होते. परंतु गुरुवारी बॉयलर हवेत असताना वरचा "बाजूला व्हा" म्हणाला, तर ते साहेबांना सोडून सर्वांना ऐकू जाईल.

ता. क. दुसरा, आणि पत्राचे खरे कारण : दुरुस्ती मिनिटाची आहे. तथापि त्या संचाला कोणी हात लावू नये म्हणून मी संकेतशब्द घातला: 'आज्ञा'. रोमन अक्षरांत. आता त्यातला 'ज्ञ' मी कसा लिहिला ते स्मरत नाही. डी-एन-वाय, जी-वाय की जे-एन? तीन वेळा चुकल्यास संच कायमचा मिटतो. माझा जुना फोन बुडाला, पण आपल्या फोनवर माझे रोमन लिपीतले निरोप असतीलच. त्यांत 'ज्ञान', 'अज्ञान', 'कृतज्ञ' (आपल्याविषयी असल्याने हा क्वचितच) असे शब्द शोधून माझी सवय कळवा. फोन करू नका. साहेब शेजारच्याच मेजावर बसतात. उत्तराची चिठ्ठी हे पत्र आणणाऱ्या ट्रकचालकाच्याच हाती द्या. बुधवारी सायंकाळपर्यंत काही न आल्यास साहेबांसमोर उभा राहून मी सर्व सांगणार आहे, हे वरच्याला वचन दिले आहे. तेव्हाही त्याचा पंजा माझ्या हातावर होता.

ता. क. तिसरा : आपल्या सॉफ्टवेअरमधील संकेतशब्द विचारणारी खिडकी आमच्या पडद्यापेक्षा उंच आहे. 'ओके'चे बटण पडद्याच्या खाली कोठेतरी राहते आणि एंटर दाबल्यास खिडकीच बंद होते. काल मी अंदाजाने संकेतशब्द भरून दोनदा माउसचा बाण आंधळेपणाने खाली नेऊन दाबले. एकदा बहुधा ते लागले, एकदा बहुधा शेजारचे 'कॅन्सल' लागले. म्हणजे माझे प्रयत्न दोन उरले की एक, हे मला ठाऊक नाही, आणि ज्या ओळीत ते लिहून येते तीही पडद्याच्या खालीच आहे.